कोणासाठी कुठली पुळण : कर्दे ते शिरोडा

कोकणातला कुठला बीच चांगला, असं कोणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारते : गाडीत कोण कोण आहे, आणि त्या दिवशी तिथी कुठली? पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याला लोक हसतात.

आमच्या सात सीटच्या गाडीत या वेळी सगळे नमुने होते. आई, सत्तरी ओलांडलेली, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं पुढे ढकललेलं. दादा-वहिनी आणि त्यांचा पाच वर्षांचा मल्हार, ज्याला पाणी दिसलं की कपडे जड होतात. कॉलेजात जाणारी भाची सई, स्कूबाशिवाय परत यायचं नाही असं ठरवून आलेली. आणि माझा नवरा. त्याला समुद्र आवडतो, समुद्रावरची माणसं नाहीत. एवढ्या सगळ्यांना एकच किनारा आवडणं शक्य नव्हतं. म्हणून दापोलीपासून खाली वेंगुर्ल्याकडे उतरत जायचं आणि रोज कोणाची तरी पाळी, असा बेत केला. निघायचा दिवस माघ शुद्ध अष्टमी, शेवटचा मुक्काम पौर्णिमेला.

तिथीचं काय, तर किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढची भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मोबाइलवर नेमक्या वेळा मिळतातच, पण हा हिशोब नेटवर्क नसलं तरी चालतो. आणखी एक गोष्ट : पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्हीकडे आवरतं. सुरुवात भांगावर ठेवली ती मल्हारमुळे आणि शेवट उधाणावर ठेवला तो नवऱ्यामुळे, कारण उधाणाच्या ओहोटीला पुळण इतकी रुंद होते की माणसं आपोआप विरळ होतात.

शुक्रवार, अष्टमी. मुरुड आणि कर्दे

पहाटे पुणं सोडून ताम्हिणीतून माणगावला उतरलो, पुढे मंडणगडमार्गे दापोली. जेवणं उरकून चारच्या सुमाराला मुरुडच्या किनाऱ्यावर. हे दापोलीचं मुरुड, महर्षी कर्व्यांचं गाव. अलिबागच्या बाजूचं जंजिऱ्याचं मुरुड वेगळं. हे एवढ्यासाठी सांगते की वहिनीच्या मैत्रिणीने एकदा एका मुरुडचं बुकिंग करून दुसऱ्या मुरुडला गाडी नेली होती.

मुरुडला घोडागाड्या, पॅरासेलिंग, बनाना राइड, भेळ, सगळं एका ठिकाणी. सईचे डोळे चमकले, नवऱ्याने टोपी पुढे ओढली. मी म्हटलं, थांबा, दहा मिनिटं दक्षिणेकडे जाऊ. कर्दे लागूनच आहे. तिथे तीच वाळू, तोच समुद्र, पण गलका कमी. वाळू बारीक आणि घट्ट बसलेली. मुलांसाठी किनारा निवडताना मी आधी हेच बघते. बारीक वाळूचा किनारा बहुतेक वेळा सपाट असतो. उतार कमी म्हणून लाटा लांबवर फुटतात आणि काठापर्यंत येताना त्यांचा नुसता फेस उरतो. जाड, दाणेदार वाळू असेल तर उतार तीव्र असतो. तिथे लाट थेट काठावर आपटते आणि परत जाताना लहान मुलाच्या पायाखालची वाळू काढून घेते. पायाला टोचते ती वाळू पोरांची नाही, हे आईचं वाक्य. तिने कुठे वाचलेलं नाही.

मल्हार घोट्याइतक्या पाण्यात तासभर बसून होता. भांगाची भरती असल्यामुळे पाणी फारसं पुढे येईना, त्याचा किल्ला दोनदा वाचला.

घट्ट वाळूचा एक तोटाही त्याच संध्याकाळी दिसला. वाळू टणक म्हणून लोक गाड्या खाली उतरवतात. एक पांढरी एसयूव्ही पाण्याच्या कडेला फोटोसाठी उभी होती. ओली वाळू वरून टणक असते, पण चाक एकाच जागी फिरलं की खालचं पाणी वर येतं आणि तिचा चिखल होतो. आधी पुढची चाकं गेली. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला, मग मागचीही गेली. भरती चढत होती. चौघांनी ढकललं, सहाजणांनी ढकललं, शेवटी गावातून ट्रॅक्टर आला. तोवर पाणी दारापर्यंत. ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नव्हतं. दोर बांधता बांधता तो गाडीच्या मालकाला म्हणाला, "साहेब, समुद्रालापण पार्किंग लागतं." दादाने आमची गाडी आहे त्या जागेवरून आणखी वीस फूट मागे नेली.

शनिवार, नवमी. हर्णै, लाडघर, गुहागर

सकाळी हर्णै बंदर. ही पोहायची जागा नाही, आणि स्वच्छ किनाऱ्याच्या अपेक्षेने येणाऱ्याने येऊच नये. पण आईला मासळीचा लिलाव बघायचा होता. वाळूवर माशांचे ढीग, भोवती बायकांचं कोंडाळं, बोली सेकंदात वर जाते आणि सेकंदात तुटते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आई एका उलट्या टोपलीवर बसली. शेजारच्या मावशींनी तिला पापलेट आणि सरंगा यांत पुणेकर कसे फसतात ते समजावलं. तिचा सगळ्यात आवडता तास तोच. समुद्रावर आलेल्या प्रत्येकाला समुद्रच हवा असतो असं नाही, काहींना बंदर हवं असतं.

लाडघरला उभ्या उभ्या थांबलो. तांबूस झाक असलेली वाळू आणि कडेला गोटे. फोटो सुंदर येतात. मल्हारने गोटे उचलून पाण्यात फेकले, मग ते दुसऱ्यांच्या दिशेने जाऊ लागले तेव्हा निघालो.

दाभोळहून फेरीबोटीने धोपावे. गाडीसकट बोटीत चढायचं म्हणून लहान मुलं खूश, शिवाय रस्त्याचा भला मोठा वळसा वाचतो. वयस्कर माणसांनी गाडीतच बसून राहिलं तरी चालतं, उतरायची सक्ती नसते. आई मात्र उतरलीच.

गुहागरची पुळण सरळ आणि लांब आहे, मैलोगणती. गावच एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेलं, आणि पश्चिमेच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या संपल्या की समुद्र. व्याडेश्वराच्या देवळापासून वाळूपर्यंत आईसुद्धा चालत गेली. चालणाऱ्यांसाठी याच्याइतकी चांगली पुळण मला या पट्ट्यात ठाऊक नाही. मुख्य वाटेजवळ गर्दी असते, पण उत्तरेला किंवा दक्षिणेला पंधरा मिनिटं चाललं की उरता फक्त तुम्ही. नवऱ्याने ते लगेच केलं आणि अंधार पडेपर्यंत दिसला नाही.

तो परत आला तो कासवांची बातमी घेऊन. किनाऱ्यावर वनखात्याचं जाळीचं कुंपण आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी मूळ खड्ड्यांतून उचलून तिथे त्याच खोलीवर पुन्हा पुरतात, म्हणजे कुत्री-कोल्ह्यांपासून वाचतात. प्रत्येक खड्ड्यावर तारीख लिहिलेली पाटी. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं निघतात. ज्यांना पिल्लं समुद्रात जाताना बघायची आहेत त्यांनी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत वेळास, आंजर्ले किंवा इथे यावं. पण पिल्लं आपल्या बुकिंगच्या तारखेला निघतीलच असं नाही. एक रात्र राखून ठेवावी आणि मोबाइलचा फ्लॅश खिशात ठेवावा.

रविवार, दशमी. वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे

वेळणेश्वर ही आईची पाळी होती. देऊळ, देवळापुढे नारळाची सावली आणि लगेच अर्धचंद्राकृती पुळण. खुर्ची टाकून बसलं की समोर मुलं दिसतात आणि पाठीमागे घंटा ऐकू येते. ज्येष्ठांसाठी किनारा निवडताना लोक सूर्यास्त बघतात. मी बघते ते असं : गाडी किती जवळ जाते, वाळूत किती पावलं टाकावी लागतात, बसायला टेकू आहे का, आणि स्वच्छतागृह कुठे आहे. शेवटचा मुद्दा बायकांच्या बाबतीत पहिला असतो. गोड्या पाण्याचा नळ आणि आडोशाची खोली नसेल तर वहिनी पाण्यात उतरतच नाही. ओल्या कपड्यांनी चाळीस किलोमीटर गाडीत बसणं ही काय सहल झाली, असं ती म्हणते. बरोबरच आहे. निर्जन किनाऱ्यांचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात.

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी सूर्य पाठीमागे असतो. डोंगर आणि झाडं यांची सावली दहा-साडेदहापर्यंत वाळूवर टिकते. म्हणून वयस्करांना सकाळी न्यावं, संध्याकाळची वेळ सूर्यास्तवाल्यांना द्यावी. पण सगळे उलट करतात. सकाळी पोहे खात हॉटेलात आणि दुपारी तीनला तापलेल्या वाळूवर.

हेदवीची बामणघळ दुपारी ओहोटीला बघितली. खडकातली अरुंद चीर, खाली थोडं हलणारं पाणी. भरतीला त्यातून लाट घुसते आणि तुषार उंच उडतात, उधाणाला तर फारच. सईला तुषार हवे होते. मी मुद्दाम ओहोटीची वेळ धरली होती, कारण बरोबर पाच वर्षांचं पोर होतं आणि खडक शेवाळलेला. तरुण मंडळींनी भरतीला यावं, मागे उभं राहावं आणि पाठ समुद्राकडे करून सेल्फी घेऊ नये. सात लाटा एकसारख्या येतात आणि आठवी वेगळीच येते.

तवसाळ-जयगड फेरी पकडून संध्याकाळी गणपतीपुळे. रविवार होता. जास्त लिहीत नाही.

सोमवार, एकादशी. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी

आईचा उपास, म्हणून सकाळीच दर्शन. रविवारची गर्दी ओसरली होती. देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची बांधीव वाट आहे, साधारण किलोमीटरभराची. आईने ती घातली, दोनदा बसून.

गणपतीपुळ्याचा समुद्र देवाला नमस्कार करून बघायचा, आत शिरायचं नाही. इथे तळ पटकन खोल जातो आणि ओढ आहे. सूचना लावलेल्या असतात, जीवरक्षक शिट्ट्या मारत असतात, तरी दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात. बुडणारे बहुतेक वेळा घाटावरचे, तरुण, आणि विहिरीत-तलावात चांगले पोहणारे असतात. पोहता येतं हाच घोटाळा होतो.

ही ओढ म्हणजे काय ते आरे-वारेच्या चढावरून दिसलं. गणपतीपुळ्याहून किनाऱ्याने रत्नागिरीकडे जाताना रस्ता डोंगरावर चढतो. खाली एका बाजूला आरे, दुसऱ्या बाजूला वारे. सगळे फोटो काढत होते. मी सईला कठड्याशी उभं केलं आणि म्हटलं, पांढऱ्या लाटांच्या रांगेत कुठे खंड दिसतो का बघ. थोडा वेळ गेला. मग तिने बोट दाखवलं. पांढऱ्या फेसाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक गडद पट्टा, तिथे लाटा फुटतच नव्हत्या. बाजूने फेसाचे तुकडे त्या पट्ट्यात येत आणि हळूहळू समुद्राकडे सरकत.

"तिथे तर शांत आहे, तिथेच उतरावं," सई म्हणाली.

सगळे हेच म्हणतात. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते वाळूतल्या खोलगट वाटेने एकवटून परत जातं. ती वाट खोल म्हणून तिथे लाट फुटत नाही, म्हणून ती शांत दिसते. त्या पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्या वेगाने ऑलिम्पिकमधले पोहणारे पोहतात, तेही थोडा वेळ. काठाकडे तोंड करून त्याच्याशी झुंजणारा माणूस दमतो आणि दमून बुडतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, लांब नेते, आणि लाटा फुटण्याच्या रांगेपलीकडे तिचा जोर ओसरतो. म्हणून तिच्यात सापडलं तर काठाला समांतर पोहायचं. पट्टा फार रुंद नसतो, त्यातून बाजूला निघालं की लाटाच काठाकडे आणतात. तेवढी ताकद नसेल तर पाठीवर तरंगून हात वर करायचा. आणि काठावरच्या माणसाने मागोमाग उडी मारायची नाही. रिकामा पाण्याचा कॅन, दोर, फुगवलेली ट्यूब, हाताला लागेल ते तरंगणारं काहीही फेकायचं आणि जीवरक्षकाला हाक मारायची. एका बातमीत तीन-तीन नावं असतात ती वाचवायला गेलेल्यांमुळे.

ओहोटी लागली की ओढीचा जोर वाढतो. एकादशीला भरती सव्वाआठची, म्हणजे दहा ते दोन पाणी उतरणार. आणि सहलीचे लोक नाश्ता करून पाण्यात शिरतात ते याच वेळेत.

सईने त्यानंतर प्रत्येक किनाऱ्यावर आधी तो पट्टा शोधला. आमच्या सहलीत एवढं जरी झालं असतं तरी पैसे वसूल होते.

आरे-वारे हा बघायचा किनारा. नवविवाहित जोडपी, फोटोवाले, बाइकवाले यांच्यासाठी वरचा रस्ताच खरी जागा. खाली उतरलात तर सुरूच्या बनात बसा.

रत्नागिरीत एका बाजूला काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढरी, हे मल्हारला दाखवायचं होतं. काळी वाळू इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे काळी असते, आणि उन्हात पांढरीपेक्षा कितीतरी जास्त तापते. मांडवीला तो अनवाणी उतरला आणि दोन सेकंदांत दादाच्या खांद्यावर होता.

मंगळवार, द्वादशी. कुणकेश्वर

दिवस रस्त्यातच गेला. पावस, पुढे खाड्यांवरचे पूल, आंब्याचा मोहोर. देवगडजवळ कुणकेश्वरला थांबलो. देऊळ अगदी समुद्रालगत, पायऱ्या आटोपशीर, पुळण ऐसपैस. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही त्याआधी गेलो म्हणून अंगण रिकामं मिळालं. तारकर्लीला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

बुधवार, त्रयोदशी. मालवण, तारकर्ली, देवबाग

सईचा दिवस. स्कूबावाल्याने आदल्या रात्री फोनवर एवढंच सांगितलं होतं, "सकाळी लवकर येवा, मगे वारो सुटता." खरं आहे. वारा सुटला की पाणी हलतं, गाळ वर येतो आणि खाली हाताचा पंजा दिसेना होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं. खरं तर उधाणाच्या आसपास गाळ जास्त ढवळला जातो, त्यामुळे भांगाचे दिवस स्कूबाला बरे. पण एका सहलीत सगळ्यांचीच तिथी जुळत नाही.

पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून असतो. न चालणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : दमा, कानाचं दुखणं, वाहती सर्दी. सर्दी असेल तर कानातला दाब मोकळा करता येत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. फॉर्मवर हे विचारतात, लोक न वाचता सही करतात. सईला उथळ पाण्यात आधी तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं, मग नाक दाबून कान मोकळे करायला. वर आली तेव्हा बोलत सुटली होती. पट्ट्यापट्ट्यांचे मासे तिच्या बोटांना टोचून गेले होते. त्याच दिवशी विमान पकडायचं असेल तर स्कूबा करू नये, मध्ये निदान 12 तास तरी जाऊ द्यावेत.

बाकीचे सिंधुदुर्ग किल्ल्यात. 1664 साली पायाभरणी झालेला आणि तीन वर्षांत उभा राहिलेला हा जलदुर्ग. तटावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि आत शिवराजेश्वराचं मंदिर. आई किल्ल्यात आरामात फिरली, अडचण होती ती होडीत चढण्या-उतरण्याची. होडी डुलते, पाय टाकायला क्षण मिळतो. दोन खलाशांनी तिला दंडाला धरून अलगद उचललं. गुडघेदुखीवाल्यांनी होडी ठरवण्याआधी हे बघून घ्यावं. किल्ला तिथेच असतो.

दुपारी देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी जीभ आणि तिच्यावर घरं. नदीच्या बाजूचं पाणी आरशासारखं. बघून वाटतं, मुलांना इथेच सोडावं. संगमापासून दूर, गुडघाभर पाण्यात, ठीक आहे. पण नदीच्या मुखाजवळ ओहोटीला अख्खी खाडी समुद्रात रिकामी होत असते आणि वरून काही कळत नाही. त्रयोदशीची ओहोटी चारपर्यंत. आम्ही मल्हारला पाण्यात सोडलंच नाही, वाळूच्या पट्टीवर बोटीने जाऊन आलो. तिथल्या उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. वाळूत पाकट पडून असेल तर चाहूल लागून निघून जाते. पाय पडला तर शेपटीचा काटा मारते आणि मग दिवस दवाखान्यात जातो.

गुरुवार, चतुर्दशी. भोगवे

देवबागच्या समोर, नदीपलीकडे भोगवे. बोटीने हाकेच्या अंतरावर, गाडीने मात्र मोठा वळसा. या वळशानेच भोगव्याला वाचवलंय असं माझं मत आहे.

नवऱ्याचा दिवस. लांब, पांढरी, जवळजवळ रिकामी पुळण. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड डोंगराच्या कडेने दोनदा गेला. नवरा दुर्बिणीला चिकटला. बाकीच्यांनी मर्यादावेलीच्या वर चटया अंथरल्या. ही जांभळ्या फुलांची वेल वाळूवर पसरलेली असते आणि रोजची भरती सहसा तिच्यापर्यंत येत नाही. अनोळखी किनाऱ्यावर सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न ती सोडवते. साडेदहाला भरती पूर्ण झाली, पाणी वेलीच्या खाली आठ-दहा पावलांवर थांबलं. वेलीवर चटई टाकायची नाही, ती वाळू धरून ठेवते. शेजारी टाकायची.

पण रिकामी पुळण म्हणजे सावली नाही, जीवरक्षक नाही, पाण्याची बाटली विकणारा नाही. सोबत सगळं नेलं तरच भोगवे. वहिनी बारापर्यंत छत्रीखाली होती, तिच्या चेहऱ्यावरून मी वेळ ओळखली आणि जेवायला गावात आलो. एकट्याने किंवा दोघांनी येणाऱ्यांसाठी ही जागा पहिल्या नंबरची. पाण्यात मात्र कमरेच्या पुढे जायचं नाही, कारण हाक मारली तर ऐकायला कोणी नाही.

शुक्रवार, पौर्णिमा. वेळागर

वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या वेळागरला. रस्त्यात मिठागरं लागतात. 1930 साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. दादाने गाडी थांबवून सईला सांगितलं, आणि ती खरोखर ऐकत होती.

वेळागर हा सगळ्यांना थोडा थोडा पुरणारा किनारा. सुरूचं दाट बन, म्हणजे दुपारीही सावली. गाडी बनाजवळ, म्हणजे आई खूश. खायला-प्यायला जवळच. चार वाजता कोळ्यांनी रापण ओढायला घेतली. पाण्यात मोठ्या वळणाने टाकलेलं जाळं, त्याची दोन टोकं काठावर, आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा. दादा आणि सई एका रांगेत शिरले. कोणी नको म्हणालं नाही, पण पाय कसे रोवायचे ते लगेच शिकवलं. तासाभराने जाळ्याचा पोटाचा भाग वर आला : बांगडे, पेडवे, दोन खेकडे आणि बरंच प्लास्टिक. प्लास्टिक त्यांनी वेगळं काढून बाजूला टाकलं. ते उचलणारं कोणी नव्हतं, मग सईने पिशवी आणली.

साडेपाचला पूर्ण ओहोटी. पुळण दुप्पट झाली होती. ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांची वस्ती उघडी पडली. प्रत्येक बिळाभोवती साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, किरणांसारख्या रांगांत मांडलेल्या. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे सारतो. मल्हार पोटावर झोपून बघत होता. सावली पडली की खेकडा गायब, हलायचं बंद केलं की हजर. अर्धा तास तो मुलगा हललाच नाही. सात दिवसांत पहिल्यांदा.

शनिवारी परतीला आंबोली चढताना मतदान झालं. सईचं तारकर्ली, नवऱ्याचं भोगवे, मल्हारचं खेकडे. वहिनी म्हणाली, नळ आणि खोली जिथे असेल ते. दादाने कर्दे म्हटलं, पण गाडी मागे घेतल्याबद्दल त्याला कौतुक हवं होतं असा मला संशय आहे. आईने मत दिलं नाही. तिला भिशीच्या बारा जणींना घेऊन वेळणेश्वरला यायचं आहे, एप्रिलमध्ये, म्हणजे मेची गर्दी सुरू व्हायच्या आत. बारा जणींत गुडघे किती चांगले ते मोजायला तिने घेतलंय. मी पंचांग काढलं. सकाळी आठला वाळूवर बसायचं असेल तर वद्य तृतीया-चतुर्थीला जा, म्हटलं, तेव्हा पाणी लांब असेल.

"चतुर्थीला नाही," आई म्हणाली, "संकष्टी असते, निम्म्या जणी उपाशी. तृतीयेचं बुकिंग बघ."